पाटांचा पिंजरा

एका राज्यात राजवाड्याच्या मुदपाकखान्यामागे एक परसबाग होती, आणि त्या एवढ्याशा बागेवर एका राणीचा जीव तगून होता. राजाचे नाव सुकेतू, राणीचे नाव कुंदलता. राज्य काही फार मोठे नव्हते. सकाळी निघालेला घोडेस्वार दिवेलागणीला दुसऱ्या राज्याच्या विहिरीवर पाणी पीत असे. मांत्रिक मात्र राज्याच्या मानाने अंमळ जास्तच होते. पाखरे माणसांसारखी बोलत आणि त्याचे कोणाला नवल वाटत नसे. उलट झोपमोड होते म्हणून लोक कुरकुरत.

राणीला शाप होता. कोणाचा, कशासाठी, ते कोणालाच ठाऊक नव्हते. लग्नाच्या सोळाव्या दिवशी तिने साखरभाताचा घास तोंडात घातला आणि घासाची माती झाली. खरोखरची माती, ओली, काळी, शेतातली. दुधाचा पेला ओठाला लावला, दुधाचे गढूळ पाणी झाले. वैद्यांनी काढा दिला, काढ्याचा चिखल झाला. मांत्रिकांनी तीन दिवस खल करून हा शाप आहे असे सांगितले; ते तर भांडी घासणारीलाही पहिल्याच दिवशी कळले होते.

पाच दिवस राणी नुसत्या पाण्यावर राहिली. सहाव्या दिवशी ती कशीबशी भिंत धरून मागच्या अंगणात गेली. सासरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने तिथे हौसेने मूठभर मेथी पेरली होती. ती आता तीन बोटे वर आली होती. राणीने चार पाने खुडली, भीत भीत तोंडात घातली. मेथीची मेथीच राहिली. राणी तिथेच मातीत बसून कच्ची मेथी खात राहिली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत राहिले.

तेव्हापासून असे ठरले, की राणीने स्वतः पेरावे, स्वतः शिंपावे, स्वतः खणावे आणि स्वतः शिजवावे, तरच ते तिला अन्न लागे. मीठ तेवढे शापातून सुटले होते. राजकन्या म्हणून वाढलेल्या त्या मुलीचे हात वर्षभरात कुणब्याच्या हातांसारखे झाले. तिने रताळी लावली, सुरण लावला, अळू लावले, कोपऱ्यात नाचणी पेरली, दोडक्याला मांडव घातला. अशी तीन वर्षे गेली आणि राणीला दिवस राहिले. पाचवा महिना लागला. आणि नेमकी त्याच सुमाराला बागेत घूस शिरली.

काय सांगावे त्या घुशीचे! अंगाने कोकराएवढी, मिशा पांढऱ्याशुभ्र. आज रताळ्याची एक ओळ खालून पोखरली, उद्या सुरणाचा गड्डा नाहीसा. वर पाने हिरवीगार डोलत असायची आणि खाली नुसती पोकळी. बागेत एकशे सात बिळे पडली. सेनापतीने बिळांत चारशे घागरी पाणी ओतवले. पाणी मुरले आणि सेनापतीचाच वाडा खचला. प्रधानाने मिरच्यांची धुरी दिली. धूर निघाला तो थेट सिंहासनाखालून, आणि दरबार दोन दिवस शिंकत होता. राजगुरूंनी मंत्र म्हटले. त्यानंतर त्यांनी त्याविषयी कोणाशी बोलणे सोडून दिले.

तेव्हा राजाने डोंगराच्या पायथ्याच्या येमुनेला बोलावणे पाठवले.

येमुना घुशी धरणारी होती. तिचा बाप धरी, बापाचा बाप धरी. पन्नाशी उलटलेली, अंगाने काटकुळी, एका कानाने जरा कमी ऐकणारी. कामट्यांचा भारा, काथ्याची दोरी आणि कोयता घेऊन ती गावोगाव फिरे. लोकांच्या परसात दिवसचे दिवस राही, काम झाले की निघे. आजवर तिचा पिंजरा रिकामा परतला नव्हता, आणि हे ती न विचारताही सांगे.

ती बागेच्या दारात आली तेव्हा राणी गुडघे टेकून तण उपटत होती. पोट पुढे आलेले, पण मनगटे इतकी बारीक की बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. येमुनेने आयुष्यात पुष्कळ उजाडलेल्या बागा पाहिल्या होत्या. असली बाई पाहिली नव्हती. 

राजा म्हणाला, "बाई, एक ओळ रताळी आणि एक सुरण एवढेच उरले आहे. आठ दिवस पुरेल. नवी लागवड हाती यायला तीन महिने."

"कळलं, महाराज."

"घूस धरून दे. मागशील ते देईन."

"आधी धरू द्या," येमुना म्हणाली. "राणीसाहेबांनी माझ्याबरोबर काम करावं लागेल. या मातीला त्यांच्या हाताचा वास आहे, माझ्या हाताचा नाही."

शेवग्याच्या झाडावर एक भारद्वाज बसला होता. दिवसाला तीनच वाक्ये बोलायची असा त्याचा नेम होता, आणि त्यातली दोन तो सहसा स्वतःविषयी बोले. तो म्हणाला, "माझे पंख आज विशेष तांबूस दिसत आहेत. सकाळी मी एक गोगलगाय खाल्ली. एकशे सहा बिळे खोटी आहेत." आणि डोळे मिटून बसला.

येमुनेच्या बापाने तिला तीन गोष्टी शिकवल्या होत्या. पहिली ही, की आधी राहते बीळ शोध. त्या संध्याकाळी तिने आणि राणीने मिळून ओल्या मातीचे गोळे केले आणि एकशे सात बिळांची तोंडे लिंपली. घूस आत असेल तर ती सकाळपर्यंत तोंड उघडणार, रिकामे बीळ बंदच राहणार, असा साधा हिशेब. सकाळी पाहतात तर एकूण एक बिळे सताड उघडी. राणी मटकन खाली बसली. येमुना मात्र पोटावर आडवी झाली आणि एकेका तोंडाशी गाल टेकून पाहू लागली. दुपार झाली, तिची पाठ धरली, लुगडे मातीने भरले. शेवटी सुरणाच्या वाफ्याशी ती थांबली.

"इथं."

"कशावरून, मावशी?" राणीने विचारले. एका रात्रीत बाईची मावशी झाली होती.

"बाकी ठिकाणची माती नुसती नाहीशी झाली आहे. इथली बाहेर ढकललेली आहे, नखांचे ओरखडे आहेत बघा. जादूला माती ढकलावी लागत नाही. जी ढकलते तिला पोट आहे."

दुसरी शिकवण पिंजऱ्याची. येमुनेने कळकाच्या कामट्यांचा पिंजरा विणला, मजबूत, दोन जणांनी ओढला तरी न तुटणारा. घुशीने त्याचा भुगा केला. राजाने शस्त्रागारातून लोखंडी गज दिले. लोहाराने पिंजरा ठोकला, वर राजमुद्राही उठवली. दुसऱ्या दिवशी गजांचे तुकडे बागेत पडलेले आणि राजमुद्रा तेवढी बाजूला नीट ठेवलेली. येमुनेने ती मुद्रा उचलून बराच वेळ पाहिली. चोरटे जनावर असे वागत नाही, असे तिला वाटले, पण त्यातून काय समजावे ते कळले नाही.

"ही घूस काय कुरतडत नाही ते बघायला हवं," ती म्हणाली आणि सरळ राजवाड्याच्या कोठीघरात शिरली. तिथे घुशीने सगळे कुरतडून टाकले होते. पेटारे, पोती, रथाची चाके, तांब्याचे हंडे, खजिनदाराचे जोडे. एका कोपऱ्यात मात्र जेवणाचे पाट रचून ठेवले होते. शिसवी, रुंद, पितळी फुल्या ठोकलेले, बसून बसून गुळगुळीत झालेले. त्यांवर दाताचा एक ओरखडा नव्हता.

"हे पाट माझ्या लग्नाच्या पंगतीतले आहेत," राजा म्हणाला. "राजमाता जाताना सांगून गेल्या आहेत, की ते मोडू नयेत."

"महाराजांचं दुसरं लग्न ठरलंय का?"

राणी तीन वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने हसली, आणि ते ऐकून राजाने स्वतः पाट उचलून अंगणात आणून टाकले.

येमुनेने पाट मोडले नाहीत. खाली एक पाट ठेवला, तीन बाजूंना उभे लावले, वर एक आडवा टाकला, काथ्याने आवळून बांधले. पुढच्या बाजूला दाराचा पाट दोरीने वर टांगला. दोरी सोडली की दार धाडकन पडायचे. त्या रात्री पिंजरा सुरणाच्या वाफ्याशी ठेवला. सकाळी तो जसाच्या तसा होता.

आता तिसरी शिकवण, आणि तीच सगळ्यांत कठीण. येमुनेने राणीला समोर बसवून सांगितले. "तीन दिवस नुसतं खाऊ घालायचं. दार टांगलेलं राहील, पडणार नाही. तिला वाटलं पाहिजे की इथं यायचं, खायचं आणि जायचं. चौथ्या दिवशी दोरी माझ्या हातात. तुम्ही ठेवाल ते तुमच्या ताटातलं असलं पाहिजे. आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. माझा बाप म्हणायचा, ज्याला धरायचं त्याच्याशी बोलायचं नाही. एकदा बोललात की हात कापतो."

"बोलणार नाही," राणी म्हणाली.

"अर्धं रताळं जाईल रोजचं. जमेल?"

राणीने पोटावर हात ठेवला, थोडा विचार केला आणि मान हलवली.

एक गोष्ट येमुनेला पहिल्याच दिवशी खटकली. घुशी रात्रीच्या. ही आली ती भर दुपारी, मुदपाकखान्यात जेवणाची घंटा झाली तेव्हा. दोडक्याच्या वाळलेल्या मांडवाआड येमुना श्वास रोखून बसली होती. घूस बिळातून निघाली, पाटावर चढली, रताळे झडप घालून उचलले आणि तिथेच गपागपा खाल्ले. बिळात नेले नाही. घुशी साठवतात, येमुनेने एकेका बिळातून पायली पायली धान्य काढले होते. ही मात्र असे खात होती, जणू तीन जन्मांत काही खाल्ले नाही. खाऊन झाल्यावर तिने पाटावरचे कण चाटले आणि परत गेली. येमुनेला त्या जनावराची दया आली. आली तशी तिने ती मनातून काढून टाकली, कारण समोर ओट्याला टेकून उरलेले अर्धे रताळे खाणारी राणी तिला दिसत होती.

दुसऱ्या दिवशी तसेच झाले. राणीने रताळे उघड्या पाटावर ठेवण्याऐवजी केळीच्या पानाच्या तुकड्यावर ठेवले. येमुनेने भुवया उंचावल्या.

"नुसतं लाकडावर टाकलं तर कसंतरी वाटतं," राणी खालच्या आवाजात म्हणाली.

"जनावर आहे ते."

"हो. पण जेवण आहे ना."

त्या दिवशी घुशीने झडप घातली नाही. पानाकडे पाहिले, मग खाल्ले. तिसऱ्या दिवशी राणीने पानाच्या डाव्या बाजूला चिमूटभर मीठही वाढले. येमुनेने ते पाहिले. बाईच्या हाताला लागलेली सवय, कुठे मोडत बसा, असे तिने मनाशी म्हटले. भारद्वाज शेवग्यावरून म्हणाला, "मी गेल्या वर्षी फार सुंदर घरटे बांधले होते. आज मी जरा जाड वाटतो आहे. उद्या शेवटचे रताळे." तो आज तिसरे वाक्य बोलला नसता तरी चालले असते.

चौथा दिवस उजाडला. राजा हातात नंगी तलवार घेऊन मांडवाआड येऊन उभा राहिला. येमुनेने दाराची दोरी मनगटाला एक वेढा देऊन धरली. सुरण आधीच संपला होता. राणीने शेवटचे रताळे निखाऱ्यात भाजले, सोलले. आज अर्धे करायचे नव्हते. येमुनेनेच सांगितले होते, की शेवटच्या दिवशी पूर्ण ठेवायचे, म्हणजे ते खाण्यात जनावर गुंतते. घूस सापडली तर खाली लागलेले बारीक कंद वाचतील आणि राणी रडतखडत तगेल. नाही सापडली तर उद्यापासून राणीला आणि तिच्या पोटातल्या जिवाला पाण्यावाचून काही नाही. एवढे सगळे त्या एका दोरीवर होते.

घंटा झाली. घूस आली. पाटावर चढली, पण तिने रताळ्याला तोंड लावले नाही. मागचे पाय दुमडून ती पानासमोर नीट बसली. पुढचे दोन पंजे मांडीवर ठेवावेत तसे ठेवले आणि मान वर करून राणीकडे पाहत राहिली. रताळ्याची वाफ तिच्या पांढऱ्या मिशांत शिरत होती, नाकपुड्या थरथरत होत्या, तोंडाला पाणी सुटून पानावर टपकत होते. तरी ती थांबून राहिली. कोणीतरी काहीतरी म्हणण्याची वाट पाहावी तशी.

आणि राणीने ते म्हटले. तिने ठरवून म्हटले नाही. पाटावर कोणी बसले आहे, पान वाढून झाले आहे, हात थांबला आहे, अशा वेळी आपल्याकडच्या कोणत्याही बाईच्या तोंडून जे आपोआप निघते तेच तिच्या तोंडून निघाले. तिने हात जोडले आणि ती म्हणाली, "सावकाश होऊ द्या."

येमुनेने मनगटाभोवतीची दोरी आवळली.

घुशीने डोळे मिटले. पानाभोवती पंजाने पाण्यावाचून एक मंडल काढले आणि पहिला घास घेतला.

"सोड!" राजा ओरडला. "दोरी सोड, बाई!"

येमुनेने हात उचलला. दोरी सोडणे काय, बोटे उघडली की झाले. आयुष्यभर तिने तेच केले होते. तिने राणीच्या मनगटांकडे पाहिले, पोटाकडे पाहिले. तिला बापाची आठवण आली. पण बापाने हे कुठे सांगितले होते, की ज्याला आग्रहाने जेवायला बसवले त्याच्यावर दार कसे पाडायचे? चोर असो, जनावर असो, पानावर बसलेल्याला अर्ध्या घासावरून उठवणे तिच्या हातून होईना. तिची मूठ आवळलेलीच राहिली.

"सोड म्हणतो ना! राणी मरेल!"

"महाराज, पानावरच्याला उठवता येत नाही."

"हा राजाचा हुकूम आहे!"

"माझा हात तोडा," येमुना म्हणाली, "पण मग दोरी सुटेल आणि पाप तुम्हाला लागेल. जेवण होऊ द्या तिचं. मग आपण काय ते बघू."

राजाने तलवार उचलली. पण तोही त्याच मातीतला माणूस होता. त्याने तलवारीचे टोक जमिनीत रोवले आणि तो दात खात उभा राहिला. बागेत एकच आवाज येत होता, घुशीच्या जेवण्याचा. ती सावकाश जेवत होती. एकेक घास चावून, मधे मिठाला बोट लावून. येमुनेच्या मनगटाला दोरी काचली, रक्त आले, पण दाराचा पाट तसूभरही खाली आला नाही.

पान स्वच्छ झाले. घुशीने ते आपल्याकडे दुमडले, मान लववली आणि माणसाच्या आवाजात म्हणाली, "अन्नदाता सुखी भव."

एवढे म्हणताच तिच्या अंगावरचे राठ केस गळून पडले आणि पाटावर एक म्हातारा बसलेला दिसला. हाडकुळा, पांढऱ्या मिशांचा, अंगावर जुने रेशमी उपरणे, ओठाला रताळे लागलेले. मान गुडघ्यात घालून तो अवघडून बसला होता, कारण पिंजरा त्याच्या मापाचा नव्हता.

"तू कोण?" राजाने विचारले.

"मी मांत्रिक भस्मांग. महाराजांच्या लग्नाला आलो होतो."

"मग हा शाप?"

"माझाच." म्हाताऱ्याने मान खाली घातली. "पंगत मोठी होती. मला शेवटच्या खांबाआड पान मिळाले. वाढपी वाढत आले, खांबापाशी वळले आणि परत गेले. भात आला नाही, वरण आले नाही. शेवटी नवी नवरी तूप घेऊन निघाली. म्हटले, हिला तरी दिसेल. तीही दोन पावलांवरून वळली. सगळ्यांना सावकाश होऊ द्या म्हणून झाले, सगळे जेवू लागले, आणि मी कोऱ्या पानासमोर बसून होतो."

"मग मागायचं की हो!" येमुना न राहवून म्हणाली. "इकडे वाढा, एवढंच म्हणायचं होतं."

"मी डोंगर हलवले आहेत, बाई. पण मागून वाढून घ्यायला जीभ उचलेना."

राणी पुढे आली. ती म्हणाली, "मला पानाचे टोक दिसले होते. कोणी बसले नसेल असे वाटले. हात दुखत होते, आणि सासूबाई म्हणाल्या, पुरे आता. मी बघायला हवे होते."

म्हातारा म्हणाला, "मी उपाशीच उठलो, पंधरा दिवस वेशीबाहेर उपाशीच बसलो आणि मग शाप दिला. उपाशी पोटी दिलेला शाप अर्धा देणाऱ्याला लागतो, तो मला लागला. माझी घूस झाली. जे कंद उकरीन त्यांचे बिळात सोने व्हायचे. सोने चावत नाही, मी चावून पाहिले. तीन वर्षे रानात उकरले, मग वाटले, जिने वाढले नाही तिच्याच बागेतले खाऊ. तेही सोनेच झाले. पंगतीच्या पाटांना तेवढा दात लावला नाही, त्यांवर जेवायचे राहून गेले होते. या तीन दिवसांत तिने हाताने ठेवले, तेवढेच पोटात गेले. आज तर मला बसवून जेवू घातले."

राजाने तलवार उपटली. "माझ्या राणीला तीन वर्षे माती चारलीस!"

"थांबा, महाराज," येमुना म्हणाली. "त्यांनी अजून हात धुतले नाहीत."

राजा कपाळाला हात लावून मटकन ओट्यावर बसला. राणीने तांब्या उचलला. म्हातारा पिंजऱ्यातून रांगत बाहेर आला आणि त्याने ओंजळ पुढे केली. राणी त्याच्या हातावर पाणी घालत राहिली आणि म्हातारा लहान मुलासारखा रडत राहिला. हात धुऊन झाले तेव्हा कोणालाही कोणाचा राग उरला नव्हता. राजाच्या मनात थोडा होता, पण तोही त्याने पुढे महिनाभरात गिळला.

आता शाप सुटला की नाही, ते पाहायचे होते. मुदपाकखान्यातून आचारी धावत आले. कोणी शिरा आणला, कोणी बासुंदी, कोणी केशरी भात. चांदीच्या वाट्यांची रांग लागली. राणी त्यांकडे पाहत उभी राहिली आणि तिचा हात पुढे होईना. तीन वर्षांची भीती ती, अशी कशी जाईल? तिने सगळ्या वाट्यांवरून नजर फिरवली आणि मग मांडवाआड पडलेल्या येमुनेच्या गाठोड्याकडे बोट दाखवले.

"मावशी, तुमच्या गाठोड्यात काय आहे?"

येमुना ओशाळली. "त्यात काय असणार, राणीसाहेब. कालची भाकर आहे. लसणाची चटणी आहे. वाळली असेल."

"मला द्या."

येमुनेने गाठोडे सोडले. मनगटाचे रक्त पदराला पुसले, भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर चटणी ठेवली. राणीने तो दोन्ही हातांनी घेतला, डोळे गच्च मिटले आणि तोंडात घातला. बागेत पान हलेना. राणी चावत होती. तिचे डोळे उघडले, ते पाण्याने भरले, नाक लाल झाले.

"माती झाली का ग?" राजाने घाबरून विचारले.

"नाही," राणी म्हणाली. "तिखट आहे." आणि ती हसू लागली, रडू लागली, आणि दुसऱ्या तुकड्यासाठी हात पुढे करून म्हणाली, "मावशी, अजून द्या. सगळी द्या." येमुनेने सगळी भाकर तिच्या हातात ठेवली. कोणा दुसऱ्याच्या शेतातली ज्वारी, दुसऱ्याच्या हाताने दळलेली, दुसऱ्याच्या चुलीवर भाजलेली. राणीने ती शेवटच्या पापुद्र्यापर्यंत खाल्ली. पोटात बाळाने लाथ मारली आणि राणीने येमुनेचा हात ओढून तिथे ठेवला. 

बिळातले सोने त्याच घटकेला परत रताळी होऊन वर आले, पन्नास टोपल्या. खजिनदाराने दोन टोपल्या सोन्याच्याच ठेवता येतील का, असे विचारून पाहिले. कोणी त्याच्याकडे लक्ष दिले नाही. सातव्या महिन्यात राणीचे डोहाळजेवण झाले तेव्हा गावभर रताळ्याचा कीस वाटला. भस्मांग पंगतीत बसला होता आणि दोनदा स्वतः मागून वाढून घेत होता. भारद्वाज त्या दिवशी नेम मोडून चार वाक्ये बोलला, आणि चौथेही स्वतःविषयीच बोलला.

राजाने येमुनेला विचारले, "काय देऊ?" ती म्हणाली, "महाराज, मी घूस धरली नाही. काम झालं नाही तर मी काही घेत नाही." राजाने नाना परींनी समजावले, ती ऐकेना. ती रिकामा हात हलवत डोंगराकडे निघाली. पण राणीने तिला जाऊ दिले नाही. बाळंतपणाला मावशी हवी, म्हणाली. येमुना दोन दिवसांसाठी थांबली ती कायमची. मुलगी झाली; ती चालू लागली ती येमुनेच्या बोटाला धरून, आणि बोलू लागली ती परसबागेतल्या गांडुळांशी.

त्या राज्यात अजूनही वाढपी पंगतीच्या शेवटच्या टोकाकडून वाढत येतात. आडचे पान आधी, राजाचे मागून. ही कहाणी ज्याने सांगितली त्याचे पोट भरलेले असो, ज्यांनी ऐकली त्यांच्या चुली पेटत्या असोत, आणि खांबाआड कोणी बसले असेल, त्याच्या पानावर पहिला घास पडो.